तिरप्या उजेडात

प्रमिला कोठुळे एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासायच्या.
ताव उचलायचा, जरा कलता धरायचा,
शाई पसरलेली, आकडा सरकलेला दिसला
की पेन्सिलीची एक रेघ. ताव रद्द.
एवढंच काम.

निवृत्त झाल्या त्या सोमवारी
गल्लीत उतरल्या नि तीच नजर लावली.
हातपंपाचा वॉशर. वैशंपायनांच्या ओट्याचा सुटा दगड.
तिवंध्याकडे वळताना उघडं पडलेलं चेंबर.
महापालिकेत अर्जाच्या आधी त्याच पोचायच्या,
पिशवीत पाण्याची बाटली, चिवड्याचा पुडा.
"साहेब जेवायला गेलेत."
"जेवू द्या की," म्हणत पुडा सोडायच्या.

गोदेचं पाणी सराफ बाजारात शिरून परत फिरलं
त्या सकाळी लोक चिखल उपसत होते
आणि या भिंतीवर गेरूची रेघ ओढत होत्या.
कुणीतरी वैतागलं, मावशी, आधी खराटा धरा.
धरला. रेघ पुरी करून.
"भिंत वाळली की कुठवर आलं होतं ते कुणी सांगणार नाही."
पुढच्या पुरात त्या रेघेकडे बघून
आत्तारांनी बाटल्या वेळेवर माळ्यावर चढवल्या.
आभार मानायचे मात्र राहिले.

मी दहावीला गणितात उडालेला,
आत्तारांचा तौफिक नववीतच शाळेतून सुटलेला.
आम्हा दोघांकडून त्यांनी घाटाजवळच्या एका पायरीचा
ऑइलपेंट काढून घेतला. सात थर.
बांबूच्या काड्या, जुने टूथब्रश. लोखंड लावायचं नाही.
बारा रविवार. मजुरी एकेक मिसळ,
तीही पाव मोजून.

शेवटच्या रविवारी दिवस बुडाल्यावर
त्यांनी बॅटरी मागितली,
दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली,
आणि सपाट दगडातून अक्षरं उठली.
"समोरून नाही दिसत. कलतं बघायचं."
"...बाईने पायरी बांधिली."
नावाच्या जागी नळाचं भोक.
तौफिक म्हणाला, एखादी राणी लिहून टाकू,
लोक तरी येतील बघायला.
त्या चिडल्या. पहिल्यांदाच.
"वाचता येत नाही ते मोकळं ठेवायचं.
एकही खोटा आकडा मी हातून जाऊ दिलेला नाही."
मग तिथेच, बॅटरी न विझवता,
दगड, भिंत नि उजेडाची तिरपी रेघ:
कर्ण म्हणजे काय ते मला त्या पायरीवर कळलं.

आता मी अंबडला, मशीनवर. मायक्रॉनची चूक धरतो.
परवा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
दवाखान्याचे कागद शोधताना वही हाती लागली.
वॉशर, खोडलेला.
चेंबर, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं.
तौफिक, रिक्षाचं लायसन्स, खोडलेलं.
पगारे धाकटा, गणित.
त्यावरही पेन्सिलीची रेघ.

धस्स झालं. प्रेसमधली रेघ मला ठाऊक होती.

"काय वाचतोस रे एवढं?"
डोळ्यावर पट्टी, हाताने पलंगाची कड चाचपत.
मी सांगितलं.
हसल्या. "अरे, तिकडची रेघ म्हणजे रद्द.
इकडची म्हणजे, सुटला एकदाचा."
मग जरा थांबून,
"ती पायरीवाली बाई तेवढी खोडू नकोस."

पुढच्या पानावर अकरा नावं, एकही रेघ नाही.
"वाच. आणि भराभर वाच," त्या म्हणाल्या,
"आज रविवार ना?
पोरं येऊन बसली असतील."